लँडलाइन इंटरनेटवर गेली, मग वीज कोण देणार?

ब्रिटनमध्ये घरोघरचे लँडलाइन फोन इंटरनेटवर नेले जातायत. मुदत डिसेंबर २०२५ होती; ती जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. का, ते बघा. जुन्या तांब्याच्या तारेतून आवाजासोबत एक्स्चेंजची सुमारे ५० व्होल्ट वीजही येते, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन चालतो. नवा फोन राउटरवर. वीज गेली की तोही बंद. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटण बऱ्याचदा याच लाइनवर असतं. बदलानंतर काहींची बटणं चाललीच नाहीत, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीचे बदल थांबवावे लागले.

संशोधनात कुठलीही नवी व्यवस्था अभ्यासताना आधी हे विचारा: जुनी व्यवस्था न सांगता कोणतं काम करत होती?