आजारातून सावरताना पोटॅशियम

अनोरेक्सिया, बुलिमिया यांसारख्या खाण्याच्या विकारांत पोटॅशियमची तूट दोन बाजूंनी पडते. अन्नातून ते पुरेसे मिळत नाही आणि वारंवार उलट्या, जुलाबाची औषधे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे असलेलेही निघून जाते. उलटीत पोटॅशियम थोडेच असते. मात्र तिच्यामुळे शरीरातले पाणी आणि आम्ल घटते. मूत्रपिंडे पाणी व सोडियम राखायला धडपडतात आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतात. त्यामुळे उलट्या चालू असेपर्यंत नुसती केळी खाऊन ही तूट भरत नाही.

शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तातले प्रमाण साधारणपणे लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल इतकेच. पेशींतला साठा आटला तरी रक्ताचा अहवाल काही काळ ठीक दिसू शकतो. कमतरता वाढली की थकवा येतो, पायांत गोळे येतात, बद्धकोष्ठता होते, छातीत धडधडते. ती तीव्र झाल्यास हृदयाची लय बिघडून जीव धोक्यात येतो.

दीर्घ उपासमारीनंतर पुन्हा खायला लागण्याचे पहिले काही दिवस नाजूक असतात. पिष्टमय अन्न पोटात जाताच इन्सुलिन वाढते आणि ते पोटॅशियम, फॉस्फेट व मॅग्नेशियम पेशींत ओढून घेते. रक्तात त्यांचे प्रमाण झपाट्याने घसरू शकते. याला ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. म्हणूनच या काळात आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवतात आणि रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करतात. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरून काढावे लागते, एरवी पोटॅशियम टिकत नाही.

प्रकृती स्थिरावल्यावर रोजच्या जेवणातून गरज भागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान 3510 मिलिग्रॅम पोटॅशियम सुचवले आहे. केळे, उकडलेला बटाटा, शिजलेला राजमा यांच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 मिलिग्रॅम असते. तेवढ्याच दुधात किंवा दह्यात सुमारे 150. वरण, उसळी, रताळे, पालेभाज्या, शहाळ्याचे पाणी, खजूर यांतूनही ते मिळते. भाजी उकडून पाणी ओतून दिले तर त्यासोबत पोटॅशियमही जाते. आमटी किंवा रस्सा केल्यास ते ताटातच राहते. मात्र सावरणाऱ्या माणसाने प्रत्येक घासाचे मिलिग्रॅम मोजत बसणे हिताचे नसते, कारण आकड्यांचा ध्यास हा अनेकदा आजाराचाच भाग असतो. आहारतज्ज्ञाने आखलेली जेवणे वेळेवर आणि पूर्ण घेतली की त्यांतून पोटॅशियम आपोआप येते.

पोटॅशियमच्या गोळ्या किंवा द्रव औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडे अशक्त असतील किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असतील, तर पोटॅशियम वाढूनही हृदयाला तितकाच धोका संभवतो. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणे किंवा हातापायांतली ताकद अचानक जाणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे.