ठराव गावचा, पैसा कुणाचा?

मार्च लागला की तालुक्याच्या गावातली नगरपालिका ओळखू येत नाही. जन्मदाखल्याच्या खिडकीवरचा लिपिक वसुली पथकात, आरोग्य विभागाचा मुकादम वसुली पथकात, वाचनालयाचा कर्मचारीही वसुली पथकात. दाखल्याला आलेल्या माणसाला उत्तर एकच: साहेब वसुलीला गेलेत. रिक्षाला भोंगा बांधून गल्लीगल्लीत पुकारा होतो, चौकात बड्या थकबाकीदारांच्या नावांचा फ्लेक्स लागतो, नळ तोडले जातात, गाळ्यांना सील ठोकलं जातं. काही गावांनी तर थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवून पाहिला आहे. वर्षभर सुट्टीच्या दिवशी बंद असणारी कराची खिडकी मार्चमध्ये रविवारीही उघडी असते, आणि ३१ तारखेला रात्री उशिरापर्यंत तिथे पावत्या फाटत राहतात.

ही धावपळ कशासाठी, हे समजून घ्यायचं तर घरपट्टीचं बिल हातात घ्यावं. बहुतेक घरांत ते वाचलं जात नाही. खालची बेरीज पाहून कपाळाला आठ्या पाडल्या जातात आणि बिल देव्हाऱ्यामागच्या पिशवीत जातं. वाचलं तर गावचा कारभार त्या एका कागदावर बराच दिसतो.

हिशेब असा. तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा पालिका एक आकडा धरते. समजा महिन्याला ५०० रुपये धरले. वर्षाचे झाले ६,०००. त्यातून डागडुजीसाठी १० टक्के वजा. उरलं ५,४०० रुपये, हे करयोग्य मूल्य. पालिकेने मालमत्ता कराचा दर २५ टक्के ठेवला असेल तर कर झाला १,३५० रुपये. त्याखाली वृक्षकर, अग्निशमन कर अशा छोट्या ओळी. शिक्षण कराची आणि बिगरनिवासी मालमत्तांना लागणाऱ्या रोजगार हमी कराची ओळ मात्र नीट पाहावी. हे पैसे गोळा करते पालिका, पण ते जातात राज्याच्या तिजोरीत. शिव्या गावात खायच्या आणि रक्कम मुंबईला पाठवायची, असा हा प्रकार आहे.

बिल थकलं की दरमहा दोन टक्के शास्ती चढते. वर्षाला चोवीस टक्के. बँकेचं कर्ज परवडलं म्हणायची वेळ येते, तरीही थकबाकी असतेच. वारसांचे वाद, कोर्टकज्जे, बंद पडलेली घरं, गावातली बडी धेंडं आणि कधीकधी खुद्द सरकारी कार्यालयं, अशी ही यादी असते.

इथे एका सार्वत्रिक गैरसमजाबद्दल सांगायला हवं. पालिकेच्या मालमत्ता उताऱ्यावर नाव लागलं म्हणजे घर आपलं झालं, असं पुष्कळांना वाटतं. तो उतारा कर कोणाकडून वसूल करायचा एवढंच सांगतो. मालकीसाठी खरेदीखत लागतं, आणि सिटी सर्व्हे झालेल्या भागात भूमी अभिलेख कार्यालयातलं मालमत्ता पत्रक. दोन भावांनी वाटणीनंतर फक्त पालिकेत नावं लावून घेतली आणि पुढच्या पिढीत भांडण कोर्टात गेलं, अशी प्रकरणं प्रत्येक तालुक्यातल्या वकिलांकडे सापडतील.

दर चार वर्षांनी या आकारणीची फेरतपासणी करायची असते. तिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात आणि तिचं नाव काढलं की नगरसेवकांच्या पोटात गोळा येतो. मोजणीला माणसं येतात, मागे काढलेली पडवी आणि वर चढवलेली खोली नोंदली जाते, आणि वाढीव नोटिसा घरोघरी पोचतात. मग हरकती, मोर्चा, निवेदन आणि स्थगितीची मागणी. हरकत घेणं हा नागरिकाचा हक्कच आहे आणि तिच्यावर सुनावणी घ्यावी लागते. पण पुष्कळ गावांत हरकतींचा निकाल लागण्याऐवजी सगळी आकारणीच गुंडाळून ठेवली जाते. निवडणूक जवळ असेल तर नक्कीच.

पूर्वी पालिकांना घरपट्टीची एवढी गरज नव्हती. गावाच्या वेशीवर जकात नाका होता. ट्रक थांबायचे, पावती फाटायची, रोजचा रोकडा गल्ल्यात पडायचा. नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली आणि त्या बदल्यात राज्य सरकार सहाय्यक अनुदान देऊ लागलं. कर्मचाऱ्यांचे पगार आज मुख्यतः या अनुदानाच्या भरवशावर होतात. अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा. जकातीत भ्रष्टाचार होता, ट्रकवाल्यांचा छळ होता, हे सगळं खरं. पण तो पैसा गावचा होता आणि तो कशावर खर्च करायचा हे गाव ठरवत होतं.

आता वरून येणारा पैसा सोबत अटी घेऊन येतो. १५व्या वित्त आयोगाचं उदाहरण घ्या. लहान शहरांना मिळणाऱ्या या निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली गेली: निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. म्हणजे गावाला स्मशानभूमीची शेड हवी असली आणि खात्यात पैसे पडून असले, तरी ते बंधित असतील तर शेड होत नाही. नगरोत्थान, वस्ती सुधार अशा राज्याच्या योजनांचंही तेच. प्रत्येकीचं लेखाशीर्ष वेगळं आणि प्रस्तावाचा नमुनाही वेगळा. ‘पैसे आलेत म्हणतात, मग आमची गटार का होत नाही?’ या गल्लीतल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. गावाने स्वतःच्या मर्जीने खर्च करावेत असे पैसे म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बाजार फी. गंमत अशी की आयोगाच्या अनुदानासाठीही मालमत्ता कराची वसुली वाढती दाखवावी लागते. त्यामुळे मार्चमधला बँड दिल्लीपर्यंत ऐकू जातो, असं म्हणायला हरकत नाही.

पैसा कुठूनही येवो, तो खर्च करायला ठराव लागतो. महाराष्ट्रातल्या नगरपालिका १९६५ च्या अधिनियमाने चालतात. दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या, खेड्याचं शहर होऊ घातलेल्या गावाला नगरपंचायत; त्यापुढे लोकसंख्येप्रमाणे ‘क’, ‘ब’ आणि लाखावर वस्ती गेली की ‘अ’ वर्ग नगरपरिषद. निर्णय घ्यायचे नगरसेवकांनी आणि अंमल करायचा मुख्याधिकाऱ्यांनी. या मुख्याधिकाऱ्यांना गावात कोणीही मुख्याधिकारी म्हणत नाही, ते ‘सीओ साहेब’. गावाने नेमलेले नव्हेत. राज्य सरकारचे, बदलीवर येणारे आणि बदलीवर जाणारे. बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटलेल्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली थांबवू शकतात. सत्ताधाऱ्यांचा ठराव अडवायचा असेल तर विरोधी नगरसेवक पहिल्यांदा याच कलमाचा अर्ज लिहायला बसतो.

सर्वसाधारण सभा एकदा तरी पाहावी. ती लोकांना खुली असते, फक्त लोक जात नाहीत. विषयपत्रिका आधी घरपोच झालेली असते. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, हा पहिला विषय. मग लिपिक विषय वाचतो, कोणीतरी सूचक होतो, कोणीतरी अनुमोदक, आणि ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज होऊन पुढचा विषय. लाखोंची कामं मिनिटभरात पार पडतात आणि पुतळ्याच्या जागेवरून, चौकाच्या नावावरून तासभर खडाजंगी होते. शेवटी येतात ‘ऐनवेळचे विषय’. जाणता पत्रकार सभेला उशिरा आला तरी चालतं, पण या विषयांना तो हजर असतो. पत्रिकेवर नसलेलं, कोणी आधी वाचलेलं नसलेलं पुष्कळ काही इथून निघून जातं.

ठराव झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण महाडचं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो इतिवृत्तात राहिला. तळ्यावर काही बदललं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारो लोकांनी पाणी प्यायलं, ते पालिकेने स्वतःच मान्य केलेल्या हक्काचं होतं. त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव मागे घेतला. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल यायला १९३७ साल उजाडलं. महाडचा प्रश्न जातीचा होता, कारकुनी दिरंगाईचा नव्हे. पण ठरावाचा कागद आणि जमिनीवरचा अंमल यांच्यातलं अंतर कुठवर जाऊ शकतं, ते तिथे दिसतं.

गटारीसारख्या साध्या कामाचं अंतरही कमी नसतं. नागरिकाने अर्ज द्यायचा, तो आवक विभागात टाकून पोच घ्यायची. (पोच न घेतलेला अर्ज दिला नाही असंच समजावं.) अर्ज बांधकाम विभागात जातो, अभियंता जागेवर येऊन टेप लावतो, अंदाजपत्रक तयार होतं. मग सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त नोंद, तिच्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. अर्ज कुठे अडला आहे हे विचारताना ‘माझ्या कामाचं काय झालं?’ असं विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर ठरलेलं. ‘तांत्रिक मंजुरी झाली का?’ असं विचारलं की समोरचा माणूस फाइल काढतो.

हे सगळं असूनही काही लहान गावांनी मोठ्या शहरांना लाजवेल असं काम केलं आहे. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ले २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजारांचं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरातूनच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. डेपोवर त्याचे आणखी बारीक प्रकार पाडले जाऊ लागले. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस झाला, प्लॅस्टिकचे तुकडे करून ते डांबरी रस्त्यात वापरलं गेलं, आणि जिथून नाक दाबून जावं लागायचं ती जागा बाहेरगावचे लोक पाहायला येऊ लागले. पाचगणीनेही कचरा डेपोच्या जागी ‘स्वच्छ भारत पॉइंट’ उभा केला. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांमध्ये २०२० साली कऱ्हाड, सासवड आणि लोणावळा देशात पहिले तीन आले. पुढच्या वर्षी विटा पहिलं. कऱ्हाडला खेटून असलेल्या मलकापूरने तर चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. प्रत्येक नळाला मीटर आणि जितका वापर जास्त तितका दर चढा, अशी ती योजना. मीटरला लोक विरोध करतात हे खरं. पण साठवण्याची गरज उरली नाही की लोक पाणी कमी वापरतात, हे तिथे दिसलं.

अशा कामांना सलगपणा लागतो, आणि नेमकी त्याचीच चणचण. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम २००१ पासून सारखा बदलतो आहे. तेव्हा थेट निवडणूक झाली, २००६ मध्ये ती पद्धत गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की बजेटसुद्धा अडतं. नगरसेवकांतून निवड झाली की सव्वा-सव्वा वर्षाच्या वाटण्या होतात. कोणती पद्धत बरी, यावर गावागावांत वेगळं उत्तर मिळेल. पाच वर्षांत दोनदा नियम बदलणं वाईट, यावर मात्र फारसा वाद होऊ नये.

त्यातच मुदत संपलेल्या अनेक पालिकांवर ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका लांबल्यामुळे प्रशासक बसले. सभा नाही, नगरसेवक नाही; प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी. कामं भराभर झाली, असं सांगणारेही भेटतात. पण गल्लीतला दिवा गेला तर रात्री फोन कोणाला करायचा, हे लोकांना कळेनासं झालं होतं. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि गावांना आपले नगरसेवक परत मिळाले.

निवडणुका होवोत न होवोत, एक खिडकी मात्र रोज चालू असते: जन्म-मृत्यू नोंदणीची. १९६९ च्या कायद्यानुसार नोंद २१ दिवसांत करायची. मुदत उलटली की विलंब शुल्क, तीस दिवसांनंतर वरची परवानगी, वर्ष गेलं तर थेट दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. बारसं व्हायचं असल्याने पुष्कळदा नोंद बाळाच्या नावाशिवाय होते, आणि आई-बाप नाव घालायला विसरतात. शाळाप्रवेशाच्या वेळी दाखल्यावर नावाची जागा कोरी निघते. नोंदणीपासून वर्षभरात नाव घातलं तर शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत थोड्या शुल्कात घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळा, वाहन परवाना, मतदार यादी या सगळ्याला जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला आहे. त्यामुळे बारशाच्या पेढ्यांबरोबर ही एक फेरीही उरकून घेतलेली बरी.

दाखला वेळेत मिळाला नाही तर २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. जन्मदाखला, मालमत्ता उतारा, मालमत्ता हस्तांतराची नोंद अशा प्रत्येक सेवेला त्यात दिवस ठरवून दिले आहेत, आणि त्यांचा फलक कार्यालयात दिसेल असा लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली की पहिलं आणि दुसरं अपील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर सिद्ध झाली तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. अपिलाची भाषा सोपी आहे, वकील लागत नाही. अर्जाची पोच मात्र जोडावी लागते.