मोटारींचे ‘रिकॉल’ व वाहनधारकांचे कर्तव्य

विकलेल्या मालाच्या एखाद्या लॉटमध्ये खोट निघाली, तर सचोटीचा व्यापारी गिऱ्हाइकांना निरोप धाडून तो माल परत मागवितो. मोटारींच्या धंद्यात याच रीतीस ‘रिकॉल’ म्हणतात. ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाची नळी अशा एखाद्या भागात जिवास धोका पोचविणारा दोष आढळला, म्हणजे उत्पादक त्या बनावटीच्या गाड्या परत बोलावून तो भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देतो. आज आपल्यापैकी अनेकांच्या दारी मोटार व दुकानापाशी मालवाहू टेंपो उभा असतो. तेव्हा हा विषय प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत या पद्धतीस १९६६ साली कायद्याचे अधिष्ठान मिळाले. आपल्या देशात मोटार उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेने रिकॉलची संहिता स्वीकारली. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घालण्यात आले व त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले. त्यांनुसार सदोष गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम सरकार उत्पादकास देऊ शकते, आणि उत्पादकास दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही सक्ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरती आहे.

दोष डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे मानणे किती घातक ठरते, याचे उदाहरण म्हणजे जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगा. अपघातसमयी ही पिशवी क्षणार्धात फुगावी म्हणून तिच्या धातूच्या डबीत अमोनियम नायट्रेट हे स्फोटक द्रव्य भरलेले असे. वर्षानुवर्षे उष्ण व दमट हवेत राहून ते बिघडे. मग अपघाताच्या वेळी अपेक्षेपेक्षा जोराचा स्फोट होऊन डबी फुटे व तिचे तुकडे बसणाऱ्याच्या अंगात घुसत. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे पावणेसात कोटी एअरबॅगा परत बोलाविल्या गेल्या. तेथे पंचविसांहून अधिक माणसे त्यांपायी प्राणास मुकली. २०१७ साली त्या कंपनीचे दिवाळे निघाले. भारतातही होंडा, टोयोटा आदी कंपन्यांनी याच कारणास्तव गाड्या परत बोलाविल्या. गोवा-कोकणच्या दमट किनाऱ्यावर जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

आता वाहनधारकाने काय करावे? आर. सी. बुकावरील सतरा अक्षरी-अंकी चासी नंबर उतरून घ्यावा व उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरात त्यावरून चौकशी करावी. रिकॉल लागू असल्यास ताबडतोब दिवस ठरवावा. सुटा भाग यावयाचा असेल, तर तोवर गाडी चालविणे सुरक्षित आहे काय, हे स्पष्ट विचारावे. ‘चालवू नका’ असे सांगितले असल्यास कितीही अडचण झाली तरी गाडी जागची हलवू नये. काम झाल्यावर जॉब-कार्डाची प्रत मागून दप्तरी ठेवावी. रिकॉलच्या कामाचे पैसे कोणी मागितल्यास देऊ नयेत व उत्पादकाकडे तक्रार करावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे. उत्पादकाच्या नोंदीत पहिल्याच मालकाचे नाव व पत्ता राहिल्यामुळे सूचनेचे पत्र त्याच्याकडे जाते आणि नवा मालक अंधारात राहतो. सौद्यापूर्वीच चासी नंबर पडताळावा, व सौदा होताच आपले नाव, पत्ता व फोन सर्व्हिस सेंटरात नोंदवावा. गाडी विकणाऱ्यानेही रिकॉलचे काम शिल्लक असल्यास ते खरेदीदारास सांगावे; खोट लपवून केलेला सौदा व्यापाऱ्यास शोभत नाही.

एकदा पाहून रिकॉल नव्हते, म्हणून पुढेही निघणार नाही असे नाही. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आपण पेढीचा सारा हिशेब नव्याने मांडतो. त्याच दिवसांत घरच्या व दुकानच्या प्रत्येक वाहनाचा चासी नंबर एकवार तपासून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही, खर्च तर मुळीच नाही. आणि त्या गाडीत आपली मुलेबाळे व आपला भरवशाचा ड्रायव्हर बसत असतात.