राजगड ते रायगड पायी : तीन दिवसांच्या डोंगरवाटेची आखणी कशी करावी?

थंडी पडली की राजगड-तोरणा-रायगड ही वाट अनेकांना खुणावू लागते. शिवाजी महाराजांच्या पहिल्या राजधानीतून निघायचे, तोरण्यावरून सह्याद्रीची धार गाठायची आणि कोकणात उतरून दुसऱ्या राजधानीत पोहोचायचे. वरकुटे, निमगाव केतकी, इंदापूर, बारामती या पट्ट्यातल्या तरुणांचे गटही आता या वाटेला जाऊ लागले आहेत. ट्रेकची चित्रफीत मोबाइलवर तीन मिनिटांत संपते. प्रत्यक्षात ती तीन दिवसांची चाल आहे, आणि मधल्या बऱ्याच टप्प्यात फोनला रेंज नसते.

आपल्याकडच्या माणसाला चालण्याची भीती नसते. तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी दारावरूनच जाते आणि आठ-दहा दिवस पायी चाललेले लोक घरोघरी सापडतात. पण वारीत पायाखाली सडक असते, पुढे पाण्याचा टँकर आणि मागे सामानाचा टेम्पो असतो. डोंगरात टँकर आणि टेम्पो दोन्ही आपल्याच पाठीवर असतात. वारीत वीस किलोमीटर सहज चालणारा माणूस डोंगरात बारा किलोमीटरला थकतो, यात नवल नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

आखणीतली पहिली चूक नकाशावरच होते. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याची बुधला माची हाताच्या अंतरावर दिसते. पण वाट आधी खाली खिंडीत उतरते, तिथे डांबरी रस्ता ओलांडते आणि मग पुन्हा तोरण्याच्या धारेवर चढते. म्हणजे मिळवलेली उंची घालवायची आणि पुन्हा कमवायची. तोरणा १,४०३ मीटर उंच आहे, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला एक ठोकताळा जगभर वापरतात. सपाटीवरच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. दहा किलोमीटरची चाल आणि सहाशे मीटरचा चढ असेल, तर तीन तास. हा हिशेब हलक्या सामानाच्या, सरावलेल्या माणसाचा आहे. पाठीवर सॅक, पायाखाली घसरणारा मुरूम आणि सोबत नवखे गडी असतील, तर आलेल्या आकड्याची दुप्पट धरावी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे चारच्या सुमारास मुक्कामी पोहोचता येईल, इतकाच टप्पा त्या दिवसाला ठेवावा.

पाणी : इंदापूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको

गंमत अशी की, या वाटेचा पहिला अर्धा भाग आपल्याच पाण्याच्या उगमाकडे जातो. राजगडाच्या एका अंगाला गुंजवणीचे खोरे आहे, दुसऱ्या अंगाला भाटघर धरणाच्या वेळवंडीचे. दोन्ही नद्या नीरेला मिळतात, आणि नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या उसाला पाणी देतो. सह्याद्रीची मुख्य धार ओलांडून पलीकडे उतरलो की पाणी काळ नदीतून सावित्रीला आणि समुद्राला जाते.

इंदापुरात वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. म्हणून तिकडे पाणीच पाणी असेल, असे वाटते. तसे ते नसते. कातळावरून पाणी वाहून जाते आणि फेब्रुवारीनंतर ओढे कोरडे पडू लागतात. गडावरची टाकी असतात, पण सगळ्यांचे पाणी पिण्याजोगे नसते. त्यामुळे नकाशावर आधी पाण्याच्या जागा मांडाव्यात आणि मग मुक्काम ठरवावेत. माणशी तीन ते चार लिटर पाणी घेऊनच सकाळी निघावे. टाक्यातले पाणी कापडाने गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्यावे. आणि उन्हाळ्यात घाटमाथ्यावरच्या गावात पोहोचलात, तर तिथल्या बायकांनी लांबून आणलेल्या हंड्यातून हात-पाय धुऊ नयेत. हे लिहावे लागते, कारण तसे करणारे असतात.

तीन दिवस, आणि परतीच्या चार जागा

गुंजवणे किंवा पाली गावातून सकाळी राजगड चढावा, संजीवनी माचीवरून खिंडीकडे उतरावे. दुसऱ्या दिवशी तोरणा पार करून बुधला माचीकडून पश्चिमेला उतरावे आणि वाड्या-वस्त्यांतून मोहरी गाठावी. तिसऱ्या दिवशी मोहरी-सिंगापूरच्या पठारावरून सिंगापूर नाळेने कोकणात दापोलीला (रत्नागिरीतली नव्हे, लिंगाण्याच्या पायथ्याची वाडी) उतरावे आणि रायगडाकडे वळावे. सोबत नवखे असतील, तर याचेच चार दिवस करावेत. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

गडावरचा मुक्काम गृहीत धरू नये. रायगड केंद्राच्या, तर राजगड आणि तोरणा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. जुलै २०२५ मध्ये राजगड आणि रायगड ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेले (तोरणा त्या बारा किल्ल्यांत नाही). मुक्कामाचे नियम बदलत असतात. निघण्याआधी खात्याकडे चौकशी करावी आणि पर्याय म्हणून पायथ्याच्या गावात घर ठरवून ठेवावे.

खरी आखणी मात्र पुढे कसे जायचे यापेक्षा मागे कुठून फिरायचे याची असते. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप भरला तर? राजगडावरून गुंजवणे किंवा पालीला उतरता येते. दोन गडांमधल्या खिंडीत रस्ता आहे. तोरण्यावरून बिनी दरवाजाने वेल्ह्याची वाट सोपी आहे. मोहरीपर्यंत गाडी येते. या चार जागा प्रत्येकाच्या कागदावर हव्यात, फक्त म्होरक्याच्या नव्हे.

मोहरी सोडून नाळेत उतरलो की गोष्ट बदलते. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडधोंड्यांची उभी घळ. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. एकाखाली एक चालू नये आणि सगळ्यांनी एकदम घाई करू नये. पावसाळ्यात याच घळीतून पाणी कोसळते, म्हणून जून ते सप्टेंबर ही वाट नकोच. मोहरीत सकाळी एखाद्याचा गुडघा बोलत असेल, तर त्याला तिथूनच गाडीने परत पाठवावे. नाळेच्या मध्यावर त्याला उचलून वर किंवा खाली नेणे हे दहा-बारा माणसांचे अख्ख्या दिवसाचे काम होऊन बसते.

वाटाड्या घ्याच

‘जीपीएसवर ट्रॅक टाकलाय’ हे वाक्य आता प्रत्येक गटात ऐकू येते. ऑफलाइन नकाशा जरूर असावा, जादा पॉवर बँकही असावी. पण पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढे वाढते आणि त्यातून फुटणाऱ्या ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. गुरे कड्याच्या टोकापर्यंत चरायला जातात, वाटही तिथेच संपते. मोहरीचा माणूस हे अंधारातही ओळखतो. त्याची मजुरी आधी ठरवावी, घासाघीस करू नये. त्याच गावात आधी फोन केला, तर पिठलं-भाकरी मिळते आणि पाठीवरचा शिधाही कमी होतो.

पैसे भरून एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल, तर ती पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेली आहे का, ते विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना नोंदणी लागते. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कुणाला आहे आणि किती जणांमागे एक म्होरक्या आहे, हेही विचारावे. उत्तर देताना कुणी चिडला, तर दुसरी संस्था शोधावी.

आग्या मोहोळाचे भान ठेवावे. कड्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला स्थिर ठेवून, कमीत कमी हलवत दवाखान्यात न्यावे. रानात शेकोटी पेटवू नये. राखीव वनात तो गुन्हा आहेच, शिवाय डिसेंबरचे वाळलेले गवत एका ठिणगीने डोंगरभर पेटते.

सराव कुठे करायचा?

कालव्याच्या भरावावर कितीही चाललात, तरी चढाचा सराव होत नाही. जवळची सोय म्हणजे जेजुरीचे कडेपठार. सात-आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन महिनाभर दर रविवारी ते चढून-उतरून पाहावे. पुरंदरही चालेल, पण तिथे लष्कर असल्याने ओळखपत्र लागते. नवे बूट याच सरावात मळवून घ्यावेत.

तारीख ठरवताना आपल्याकडची एक अडचण असतेच. डोंगराचा हंगाम आणि कारखान्यांचा गाळप हंगाम एकच. उसाला तोड कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे बुकिंगमध्ये पैसे अडकवताना जपून.

जाताना पुण्यात शिरायची गरज नाही. बारामती, मोरगाव, जेजुरी, सासवड, कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी असे गुंजवण्याला जाता येते. परतीला मात्र आपण कोकणात असतो आणि गाडी घाटावर. म्हणून स्वतःची गाडी पायथ्याला लावण्यापेक्षा महाडहून एसटीने परतावे. वरंधा घाट सुरू आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे निघण्याआधी विचारून घ्यावे.

घरी एक कागद ठेवून निघावे. त्यावर वाट, मुक्कामाची गावे, सोबत्यांची नावे, रक्तगट आणि ‘तिसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर’ काय करायचे, ते लिहावे. ११२ वर पोलिसांना कळवता येते. डोंगरातल्या शोध-बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची स्वयंसेवी यंत्रणा आहे. तिचा हेल्पलाइन क्रमांक त्या कागदावर आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीच असावा, कारण मोहरीच्या पुढे तो शोधायला रेंज मिळेलच असे नाही.