लस होती, मागणी उशिरा गेली

३० जानेवारी २०२० रोजी केरळात त्रिशूरला कोरोनाचा भारतातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा निदानाची सारी भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेवर होती. तिने विषाणू वेगळा केला आणि तो हैदराबादच्या भारत बायोटेककडे गेला. त्यातून कोव्हॅक्सिन आली. मार्चमध्ये पुण्याच्याच मायलॅबच्या चाचणी संचाला मान्यता मिळाली. सीरम इन्स्टिट्यूटने तर मंजुरी हाती नसतानाच कोव्हिशिल्ड भरून ठेवायला सुरुवात केली होती. औषध बनवण्यात हा देश मागे पडला नाही. गावातली परिचारिकाही मागे पडली नाही. घात झाला तो या दोघांच्या मधे, खरेदी आणि नियोजनाच्या टेबलावर.

३ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही लशींना आपत्कालीन परवानगी मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातले परिणामकारकतेचे निष्कर्ष तेव्हा आलेले नव्हते. पुढे ही परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली, पण त्या घाईने लोकांच्या मनात किंतु आला आणि तो टाळता आला असता, असं माझं ठाम मत आहे. त्याहून गंभीर गोष्ट पुढची. ११ जानेवारीला, लसीकरण पाच दिवसांवर आलेलं असताना, केंद्राने सीरमकडे मागणी नोंदवली ती १ कोटी १० लाख मात्रांची. अमेरिका आणि ब्रिटनने २०२० च्या मध्यापासूनच कंपन्यांशी करार केले होते. जगातला सगळ्यात मोठा लसकारखाना पुण्यात, आणि आपण तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली!

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि सगळंच अपुरं पडलं. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रेमडेसिवीर वापरू नये असा सल्ला दिला होता. तरी नातेवाईक चिठ्ठी घेऊन त्याच इंजेक्शनसाठी रात्रभर दुकानं पालथी घालत होते. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच दिवसांत कोव्हिशिल्डचा दर केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४०० आणि खासगी रुग्णालयांना ६०० असा जाहीर झाला. राज्यांचा दर पुढे ३०० वर आला, तरी साथीत राज्यांना वेगळ्या दराने बाजारात उभं करणं हा अन्यायच होता. २१ जूनपासून खरेदीची मुख्य जबाबदारी केंद्राने पुन्हा आपल्याकडे घेतली.

या गोंधळातही लसीकरण चाललं, ते पोलिओ-गोवरच्या डोसांसाठी वर्षानुवर्षं जपलेल्या शीतसाखळीमुळे. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असायच्या. कुपी उघडली की सिस्टर तिच्यावर वेळ लिहायच्या. चार तासांत ती संपली नाही तर उरलेली लस फेकावी लागे. म्हणून दहा माणसं जमेपर्यंत आशाताई वस्तीवर जाऊन एकेकाला समजावून आणत. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी मात्रांचा टप्पा अशा कुपीकुपीने गाठला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता.

२०२१ अखेरपर्यंतचे मृत्यू सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ४ लाख ८० हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाखांचा. सरकारने तो फेटाळला. सरकारी आकडा मात्र गावोगावच्या स्मशानांनी पाहिलेल्या गर्दीशी जुळत नाही.

परळच्या हाफकिनचं दुःख वेगळंच. १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस याच मुंबईत बनवली. त्यांच्या नावाच्या सरकारी महामंडळाला एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली. लाटा येऊन गेल्या, तिथली लस लोकांपर्यंत आली नाही. अशा संस्था साथ आल्यावर जाग्या करता येत नाहीत, त्यांना शांततेच्या काळात पैसा आणि माणसं द्यावी लागतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. ते उद्दिष्ट गाठलं गेलेलं नाही.