अकरा मणी आणि मिठाचं पाणी

माझ्या वन्सं घानात, अक्रा शहरात राहतात. सुट्टीला येताना घरची मुलं त्यांच्याकडे चॉकलेटं मागतात, मी मणी! तिथे कोफोरिडुआ गावात दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. एकदा त्यांनी लिंबाएवढे अकरा पिवळे मणी आणले. "अंबर आहे गं, आपला तृणमणी!" मी भिशीचे साडेचार हजार गुपचूप त्यांच्या हातावर ठेवले. ह्यांना सांगितलं, पाचशेचे आहेत.

मग वाचनात आलं, की खरा अंबर मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो. दुपारी सगळे झोपल्यावर पातेल्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळलं आणि मणी सोडले. अकराच्या अकरा तळाला! एक मणी जोरात घासून हुंगला, तर पूर्वीच्या कार्बोलिक साबणासारखा वास. बचत गटात "पावतीशिवाय सोनं घेऊ नका गं" असं बायकांना बजावणारी मी! दोन दिवस घास गोड लागला नाही.

नंतर मात्र छडा लावायचा नादच लागला. हे मणी बॅकेलाइटच्या कुळातले. जुन्या घरातले काळे स्विच आठवतात ना, तेच. १९०७ साली लिओ बेकलँड यांनी ते शोधलं. पुढे युरोपात अंबरच्या रंगाचे मणी घडले आणि व्यापाऱ्यांनी ते आफ्रिकेत नेले. (आपल्याकडच्या खंबायतचे अकीकही तिकडे गेलेत बरं का!) बाल्टिक समुद्राकाठचा खरा अंबर महाग. मालीतल्या फुलानी बायका केसांत मोठाले पिवळे मणी माळतात, त्यांत हेही आले.

माझ्या माळेतल्या एका मण्याला तडा गेलाय, त्यावर तांब्याच्या तारेचा टाका आहे. तिकडे फुटका मणी टाकत नाहीत, सांधतात. भोकाच्या कडाही दोऱ्याने झिजून गुळगुळीत झाल्यात. कुण्या बाईने हा मणी किती वर्षं वापरला असेल! तो टाका बघितला आणि माझा राग निम्मा उतरला.

ह्यांनाही खरी किंमत सांगून टाकली. म्हणाले, "तरीच त्या दिवशी मिठाची बरणी रिकामी होती!"

आता माझ्याकडे तेवीस मणी आहेत. नवे मणीही जुने म्हणून खपवतात, म्हणून मी आधी भोक बघते. डिसेंबरात वन्सं येताहेत. सांगून ठेवलंय, आणा, पण अंबरच्या भावाने नको!