कीबोर्ड घेताय? आधी पट्टी दाबून बघा

मुलीने गाण्याच्या क्लासमध्ये कीबोर्ड पाहिला आणि घरी हट्ट सुरू झाला. तुम्ही दुकानात जाता. सेल्समन विचारतो, ‘‘वेटेड हवा की साधा?’’ दोन्ही दिसायला जवळपास सारखेच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक. अशा वेळी काहीजण ‘लहान आहे, सध्या स्वस्तातला पुरे’ म्हणून मोकळे होतात, तर काहीजण ‘महागडा तो चांगला’ असं समजून खिसा रिकामा करतात. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. ती वाजवणार काय आहे?

हातोडी आणि भाता

पियानोची पट्टी दाबली की आतली एक हातोडी उडते आणि तारेवर आदळते. म्हणजे तुमचं बोट दर स्वराला त्या हातोडीचं वजन ढकलत असतं. हळू दाबलं तर नाजूक आवाज, जोरात दाबलं तर मोठा. १७०० सालच्या सुमारास इटलीत बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य बनवलं. त्याच्या ‘पियानोफोर्ते’ या नावाचा अर्थही ‘हळू-जोरात’ असाच आहे.

आपल्या पेटीचं तसं नाही. पट्टी दाबली की फक्त हवेची वाट उघडते. आवाज लहान-मोठा करायचं काम भात्याचं. त्यामुळे पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांना हलक्या पट्टीची सवय असते आणि त्या हलकेपणामुळेच तर भराभर ताना घेता येतात.

हाच फरक इलेक्ट्रॉनिक वाद्यांत उतरला आहे. वेटेड म्हणजे पट्टीखाली खरोखरच छोट्या हातोड्या बसवलेल्या असतात, फक्त तारा नसतात. बऱ्याच मॉडेलमध्ये खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि तारसप्तकाकडच्या हलक्या असतात, अगदी खऱ्या पियानोसारख्या. साध्या कीबोर्डमध्ये पट्टीखाली स्प्रिंग असते. मधला प्रकार सेमी-वेटेड. त्यात स्प्रिंगला थोडं वजन जोडलेलं असतं, हातोडी नसते. दुकानात यालाही कधीकधी बिनधास्त ‘वेटेड’ म्हणतात. म्हणून ‘‘हॅमर अॅक्शन आहे का?’’ असंच विचारा.

मग कुणी काय घ्यावं?

मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचा पियानो शिकणार असेल, त्याच्या ग्रेड परीक्षा देणार असेल तर ८८ पट्ट्यांचा वेटेडच घ्या. दोन वर्षं स्प्रिंगवर वाजवलेली बोटं खऱ्या पियानोवर गेली की अडखळतात. करंगळीचे स्वर उमटतच नाहीत, वेग पडतो आणि मूल बिचारं समजतं की आपल्यालाच येत नाही. पियानो सोडून देणारी कितीतरी मुलं इथेच थकतात असं मला वाटतं. उलट वेटेडवरून हलक्यावर येणं सोपं जातं.

पण भावगीतं, भजनं, सिनेमाची गाणी वाजवायची असतील तर? मग ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड हा काही कमीपणा नव्हे. उलट त्यावर बहुधा पिच बेंडचं चाक असतं, ज्याने मींडेच्या जवळ जाता येतं. डिजिटल पियानोवर ते सहसा नसतंच. काही कीबोर्डमध्ये तबला-तानपुऱ्याचे आवाजही मिळतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांमध्येही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे वेगळे विषय आहेत. म्हणून परीक्षा द्यायची असेल तर नेमकी कोणती, हे शिक्षकांना आधी विचारा.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. ती म्हणजे टच रिस्पॉन्स. पट्टीचं वजन वेगळं आणि टच रिस्पॉन्स वेगळा. हलक्या पट्ट्यांचा कीबोर्डही बोटाचा जोर ओळखू शकतो, पण अगदी स्वस्त मॉडेलमध्ये ही सोय नसते. फुंकर घातल्यासारखं दाबा नाहीतर ठोसा मारा, आवाज तोच. असा कीबोर्ड पाच वर्षांच्या मुलाला खेळायला ठीक, शिकायला नाही.

दुकानात हे करून बघा

स्वतःला वाजवता येत नसलं तरी लाजू नका. एकच पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. नंतर तोच स्वर भराभर दहा वेळा वाजवा. स्प्रिंगची पट्टी बोटाला चटकन वर उसळवते, हातोडीची आपल्या वजनाने परतते. मग बोट पट्टीच्या आतल्या टोकाला, पॅनलजवळ नेऊन दाबा. काही वाद्यांत तिथे पट्टी इतकी घट्ट लागते की लहान मुलाचं बोट दमून जाईल. मुलीलाही सोबत न्या. बोटं तिची आहेत.

घरच्या गोष्टीही बघा. वेटेड पियानो दहा किलोच्या पुढे जातो, त्यामुळे दर आठवड्याला रिक्षातून क्लासला न्यायचा असेल तर विचार करा. साधा ६१ पट्ट्यांचा पाच किलोच्या आसपास असतो आणि बरेच कीबोर्ड बॅटरीवरही चालतात. आणखी एक, फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोन लावूनही हातोड्यांची धपधप स्टँडमधून खालच्या मजल्यावर जाते. स्टँडखाली जाड रबरी मॅट टाका आणि रात्री दहानंतरचा रियाज सकाळवर ढकला.